ते झोपायचे कुठे?

प्रिय काका,

फोनवर नुसतं ‘थँक यू’ म्हणून ठेवून दिला, तेव्हापासून चुकचुकल्यासारखं वाटतंय. म्हणून हे पत्र, आणि मंडळातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडंच.

लेकीच्या शाळेतला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा प्रकल्प बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनवर उरकायचा, असं माझं ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, “अगं, रॉबिन्सन गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये आला तो 1947 ला. त्याच्या अर्धशतक आधीची कृष्णवर्णीयांची बेसबॉल टीम आपल्याच मिशिगनमध्ये होती, एड्रियन गावात.” आणि शनिवारी गाडी काढलीत.

पेज फेन्स जायंट्स. तारेची कुंपणं बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची टीम! छातीवर कुंपणवाल्यांचं नाव आणि व्यावसायिक लीगची दारं बंद, यावर मी काहीतरी चमकदार बोलायला गेले, तर तुम्ही लेकीकडे वळलात. “ते सोड. गावोगाव खेळायला जायचे ना? मग झोपायचे कुठे, ते शोध.”

त्या एका प्रश्नानं प्रकल्पच बदलला. 14 जुलै 1887 ला इंटरनॅशनल लीग या व्यावसायिक बेसबॉल लीगनं ठरवलं, कृष्णवर्णीयांशी नवे करार नकोत. बड फाउलर हा कृष्णवर्णीय खेळाडू त्याच वर्षी त्या लीगमध्ये बिंगहॅम्टनच्या टीमकडून खेळला होता. पुढं त्यानं ग्रँट जॉन्सन या खेळाडूला जोडीला घेऊन ही टीम उभी केली. 1895 मध्ये फिरती सुरू झाली, ती खास रेल्वेच्या डब्यातून. सुमारे 60 फुटांचा डबा, आत झोपायची सोय, सोबत स्वयंपाकी. मला तो थाट वाटला होता. हॉटेलं दारात उभं करत नसत, म्हणून घरच चाकांवर घेतलं होतं, हे लेकीनं मला सांगितलं! गावात उतरले की सायकलींवरून मिरवणूक काढायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत गर्दी जमा. कुंपणाची जाहिरात आपोआपच.

पहिल्या वर्षी 118 सामने जिंकले, 36 हरले, 2 बरोबरीत. फाउलर मात्र त्याच मोसमात मध्येच बाहेर पडला. 1898 नंतर पैशाचं गणित बसेना. टीम मोडली आणि बरेच खेळाडू शिकागोच्या कोलंबिया जायंट्सकडे गेले. चार मोसम, बस्स. फाउलर 1913 मध्ये वारला. थडग्यावर दगड बसायला 1987 उजाडलं, आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, नाव लागलं ते 2022 मध्ये. हे सांगताना तुम्ही गाडीचा वेग का कमी केलात, ते मी विचारलं नाही.

मायक्रोफिल्मच्या यंत्रापाशी अडीच तास बसलात, पाठीचा पट्टा लावून. पुसट अक्षरं लागेनात तेव्हा खिशातून भिंग काढलंत. लेकीला ‘इनिंग’ समजावताना तुमचं शिवाजी पार्क मध्ये आलंच, पण तेही तिनं वहीत उतरवून घेतलंय.

पुठ्ठ्याचा डबा झालाय. आत काड्यापेट्यांचे पलंग, बाहेर गाळणीच्या जाळीचं कुंपण (गाळणी माझी, चांगली होती). भिंग अजून आमच्याकडेच आहे. तिला आणखी एक आठवडा हवंय, चालेल ना?

तुमची,
लेकीची आई