ऑफिसचा मेल पोदेरासारखा यावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मुलांच्या मोबाईलवर, रील्सवर, ऑनलाईन फ्रॉडवर पत्रं येतात आणि ती यायलाच हवीत. पण आमच्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्या माणसांना स्क्रीनच्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी वर येणारं ते पाकिटाचं चित्र जे छळतं त्याच्याबद्दल कोणी लिहिलेलं मला तरी आठवत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहूया.

मी फोंड्याला तिस्कावर एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. या लाईनीत पंचवीसेक वर्षं झाली. सुरुवात पणजीला केली तेव्हा अख्ख्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर नेटला लागायचा, मोडेम किरकिर करत लाईन पकडायचा, तेवढा वेळ ऑफिसचा फोन एंगेज आणि वर टेलिफोनचं बिल चालू, म्हणून साहेबांचा नियम होता की सकाळी एकदा आणि चारच्या सुमाराला एकदा नेट लावायचं, आलेले मेल उतरवून घ्यायचे, लिहून ठेवलेले पाठवायचे आणि लाईन तोडायची. मधल्या वेळात मेल आला काय, न आला काय, कोणाला पत्ता नसायचा, आणि तरीसुद्धा सगळे रिटर्न वेळेत भरले जायचे हो.

आता बघा, आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, पहाटे येतो आणि दुपारी चहाच्या वेळेला येतो. पों पों ऐकू आलं की आपण टोपली घेऊन बाहेर जातो, उंडे पोळ्या (हे आमचे पावाचे प्रकार) घेतो, परत घरात. पोदेर येईल म्हणून सकाळपासून दारात उभं राहिलेलं माणूस मी अजून बघितलं नाही. मेलच्या बाबतीत मात्र आपण सगळे दिवसभर दारात उभे आहोत.

हे माझ्या डोक्यात आलं ते गेल्या पावसात. जुलैची २० तारीख, म्हणजे थ्रीबी (जीएसटीचं दरमहाचं रिटर्न) भरायचा शेवटचा दिवस, आणि आदल्या रात्रीच्या वाऱ्यात कुठेतरी झाड पडून नेटची केबल तुटलेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू होते, मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावला आणि पोर्टल उघडायला बसले, तर पोर्टल काय उघडेना. नुसतं गोल गोल फिरतंय. अर्ध्या तासाने मोबाईलवर मेसेज आला की आजचा डेटा संपत आला, आणि मी अजून एकसुद्धा रिटर्न भरलेलं नव्हतं!

मग कळलं की मागे आऊटलूक (आमचा मेलचा प्रोग्रॅम) मेल ओढत बसलेलं होतं. एका क्लायंटने बिलांचे मोबाईलवर काढलेले फोटो पाठवलेले, सहा मेल, एकेकात अठरा-वीस एमबी. फाईल मेलमधनं जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं, म्हणजे अठराचे चोवीस झाले. हॉटस्पॉट मध्येच तुटायचा आणि आमचं खातं पॉप पद्धतीचं (सर्व्हरवरनं मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) असल्याने अर्धा उतरलेला मेल पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून उतरायचा. आऊटलूकला कोणीतरी दर पाच मिनिटांनी मेल आणायला लावलेलं. म्हणजे तेच ते फोटो आम्ही कितीदा ओढले देव जाणे. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या नेटवरनं रात्री साडेदहाला रिटर्न गेले. उशीर झाला असता तर एका रिटर्नला दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय टॅक्सवर व्याज, आणि क्लायंटची बोलणी वेगळी.

माझा भाचा फर्मागुढीला इंजिनिअरिंग कॉलेजात आहे, त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणे, "मावशे, कित्याक धांवता गो त्याच्या फाटल्यान? त्याका वेळ दी." म्हणजे, त्याच्या मागे कशाला धावतेस, त्याला वेळ ठरवून दे. आणि खरंच, शोधलं तर सगळं तिथेच होतं, इतकी वर्षं त्याच प्रोग्रॅममध्ये काम करून मी कधी त्या मेनूत गेलेच नव्हते.

ज्यांच्याकडे जुनं, म्हणजे क्लासिक आऊटलूक आहे त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि एस एकदम दाबून बघावं. सेंड-रिसीव्ह ग्रुप्स नावाचा डबा उघडतो. त्यात आपोआप मेल आणायची टिक असते आणि मिनिटांचा आकडा असतो, मुळात तो ३० असतो, आमच्याकडे तो ५ कोणी केला ते गुलदस्त्यातच आहे. टिक काढली की प्रोग्रॅम गप्प बसतो, मग तुम्हाला पाहिजे तेव्हा एफ नाईन दाबायचं की मेल येतात. त्याच डब्यात दोन भाग आहेत, वर ऑनलाईनसाठी आणि खाली ऑफलाईनसाठी, दोन्हीकडची टिक बघायची नाहीतर एक बंद करून दुसरी चालू राहते. मला सगळ्यात आवडलं ते हे की वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे ग्रुप करता येतात. आमच्याकडे नोटीस वगैरे ज्या खात्यावर येतात ते अर्ध्या तासाने तपासलं जातं, आणि जिथे जाहिराती, पीडीएफ कॅटलॉग, सुप्रभातवाले फोटो येतात (हो, ऑफिसच्या मेलवर पण येतात) ते मी हाताने बटण दाबेपर्यंत हलत नाही. मोठ्या मेलचं नुसतं हेडर (कोणाचा, कशाबद्दल एवढंच) आणायचं, आतलं सामान नंतर, अशीही सोय तिथेच आहे. त्या दिवशी तेवढं जरी केलेलं असतं तरी भागलं असतं.

एक गोष्ट मात्र भाच्याने दोनदा सांगितली म्हणून मीही सांगते. ज्यांचं ऑफिस मोठं आहे आणि मेल कंपनीच्या एक्सचेंज सर्व्हरवरनं किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वरनं येतो त्यांच्याकडे हा मिनिटांचा आकडा काहीच कामाचा नाही. तिथे सर्व्हर स्वतःच मेल ढकलतो, तुम्ही १२० मिनिटं लिहा नाहीतर ५०० लिहा. त्यांनी सेंड-रिसीव्हच्या पट्टीवरचं वर्क ऑफलाईन हे बटण दाबायचं, आणि लक्षात ठेवून परत सोडायचं, कारण तोवर तुमचे जाणारे मेलसुद्धा आऊटबॉक्समध्ये पडून राहतात. माझी एक मैत्रीण वेर्ण्याला एका फॅक्टरीत आहे, तिने सकाळी दाबलं आणि संध्याकाळपर्यंत विसरली, मग तिच्या साहेबांनी जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरच्या लॅपटॉपवर मी थंडरबर्ड नावाचं मेलचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट मिळतं म्हणून. त्याच्यात खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हर सेटिंग्ज म्हणून पान आहे, तिथे उघडल्याबरोबर मेल तपासायची एक टिक, दर १० मिनिटांनी तपासायची दुसरी टिक, आणि पॉप खातं असेल तर आलेले मेल आपोआप उतरवायची तिसरी. ही तिसरी काढून दुसरी ठेवली तर तो फक्त सांगतो की मेल आलेत, आणतो तुम्ही म्हणाल तेव्हा. आयमॅप खातं (ज्यात मेल सर्व्हरवरच राहतात) असेल तर आणखी एक टिक असते, सर्व्हरने लगेच कळवायची, ती राहिली तर दहा मिनिटं काढून काही उपयोग नाही, मेल येतोच. ही लगेच कळवायची सोय १९९७ सालापासनंची आहे म्हणे. त्याच्या उलट आमचं पॉप, ते मुळात आमच्या त्या मोडेमच्या दिवसांसारख्याच कामासाठी बनलेलं, लाईन लावा, डबा रिकामा करा, लाईन तोडा. नावातच पोस्ट ऑफिस आहे त्याच्या! त्याला पाच-पाच मिनिटांनी पळवायचं डोकं आपलं.

पॉपवाल्यांनी अजून एक बघून घ्यावं, मेलची कॉपी सर्व्हरवर ठेवायची टिक. आमच्या एका मशीनवर ती काढलेली होती त्यामुळे तिथे मेल उतरला की सर्व्हरवरनं गायब, आणि मी घरनं बघायला गेले की डबा रिकामा. महिनाभर मला वाटत होतं की लोक मेल पाठवतच नाहीत, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंच वाटत होतं.

फोनचं तर विचारूच नका. आयफोनवाल्यांना मेलच्या खात्यांमध्ये फेच न्यू डेटा म्हणून मिळेल, तिथे पुश (सर्व्हरने मेल ढकलणं) बंद करून पंधरा मिनिटं, अर्धा तास, एक तास किंवा मॅन्युअल ठेवता येतं. माझ्याकडे साधा अँड्रॉईड आहे, जीमेलमध्ये प्रत्येक खात्याला सिंकची, म्हणजे मेल आपोआप आणायची, वेगळी टिक असते, ऑफिसच्या खात्याची मी काढली. चवथीला आम्ही सगळे मूळ घरी डिचोलीला जमतो, माटोळी (गणपतीच्या वरची फळापानांची सजावट) बांधताना भावाच्या खिशात टिंग, आरतीला टिंग, नेवऱ्या तळताना वहिनीच्या फोनमध्ये टिंग. भाऊ मुंबईच्या कंपनीचं काम गोव्यातनं करतो, त्याचा साहेब म्हणे रात्री अकराला मेल टाकतो आणि साडेअकराला विचारतो की वाचलास का.

बाहेर देशांत यावर कायदे झालेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या मेल-फोनबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. पोर्तुगालने तर २०२१ च्या शेवटी कायदाच बदलला की मालकाने कामगाराच्या विश्रांतीच्या वेळेत त्याला संपर्क करायचा नाही, अगदीच आणीबाणी असेल तर सोडून. आमच्या वाड्यावरची किती पोरं तिथे जाऊन राहिलीत, त्यांना विचारा. फोक्सवॅगनने २०११ मध्ये जर्मनीतल्या काही कर्मचाऱ्यांसाठी सर्व्हरच असा लावला की ड्युटी संपल्यावर अर्ध्या तासाने ब्लॅकबेरीवर मेल जाणं बंद आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या अर्धा तास आधी चालू. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं, पण मांडणं वेगळं आणि कायदा होणं वेगळं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या दोघांनी १२४ माणसांवर अभ्यास केला, एक आठवडा दिवसातनं तीनदाच मेल बघायचे आणि एक आठवडा पाहिजे तितक्यांदा, तर तीनदावाल्या आठवड्यात लोकांना ताण कमी जाणवला. हा अभ्यास २०१५ चा. आमच्या पोदेराला हे आधीपासनं माहीत होतं असं माझं मत आहे.

मला माहितीये की हे सगळ्यांना जमणार नाही. कळंगुटला हॉटेलच्या रिझर्व्हेशनवर बसणाऱ्या मुलीने मेल बंद ठेवले तर पाहुणा बॅगा घेऊन दारात उभा राहील, आणि वास्कोला बोटींचं काम बघणाऱ्यांना तर रात्री दोनला पण मेल बघावा लागतो, बोट थांबली की पैसे जातात. त्यांनी चालू ठेवावं. पण गोव्यातली निम्मी ऑफिसं आमच्यासारखी आहेत, चार माणसं, दोन पंखे आणि एक रूटर, तिथे पाच मिनिटांत वाचलाच पाहिजे असा मेल महिन्यातनं एखादा येतो आणि त्याच्यासाठी माणसं रोज बॅलन्सशीट जुळवताना दहादा उठतात. एकदा आकडा डोक्यातनं गेला की परत पहिल्या ओळीपासनं, अगदी त्या तुटलेल्या मेलसारखंच. बाहेरनं आलेले लोक आम्हाला सुशेगाद, म्हणजे आरामशीर, म्हणून हिणवतात, दुपारी एकला दुकानाचं दार ओढून घेतो म्हणून. अहो, पण ते दार चारला परत उघडतं आणि गिऱ्हाईक पण चारलाच येतं, दोघांना ठाऊक असतं म्हणून चालतं ते.

आमच्या ऑफिसात नोटिशीचं खातं सोडून बाकीच्या मेलसाठी आता साडेनऊ, एक आणि साडेचार अशा वेळा ठरल्यात. रिटर्नच्या तारखांना, म्हणजे ११ आणि २० च्या आसपास, मी परत अर्ध्या तासावर आणते कारण क्लायंटचे कागद तेव्हाच येतात, कितीही सांगा. तुम्हाला विनंती एवढीच की तुमच्या रविवारच्या पुरवणीत कधीतरी ही सेटिंग्ज चित्रं घालून मराठीत छापा. माझ्या वयाच्या बायका ऑफिसात इंग्रजी मेनू बघूनच तो डबा बंद करतात, मीही त्यातलीच होते.

आणि हो, मेल असे बंद ठेवणाऱ्यांनी आधी सगळ्यांना फोन करून सांगावं. मी पहिल्या दिवशी कोणाला न सांगताच टिक काढली आणि सकाळच्या बसने एका क्लायंटचे व्हाऊचर आणायला साखळीला गेले. तो नव्हताच, घराला कुलूप. आज येऊ नका म्हणून त्याने आठ वाजताच मेल टाकलेला, तो बिचारा सर्व्हरवर पडून होता, आणि मी परतीच्या कदंब बसची वाट बघत दीड तास स्टँडवर बसून होते.

आपली,
एक वाचक, फोंडा