पेंडंटवरचं लाल बटण दाबून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 4 मार्चच्या सुमारास सुरक्षा सप्ताहाचे फोटो तुमच्या पेपरात येतात, हेल्मेट घालून हात पुढं केलेली माणसं शपथ घेताना. चांगलंय. पण आमच्यासारख्या चार माणसांच्या वर्कशॉपात शपथ-बिपथ कोण घेत नाही, म्हणून आमच्याकडं जे झालं ते लिहितोय, जमलं तर छापा.

माझ्याकडं सीएनसी राउटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशीन, सेकंडहँड घेतलेलं. दारं, देवघरं, गणपतीच्या आधी मखरं. त्याला वायरवाला पेंडंट आहे, कुणी एमपीजी म्हणतं, माझा पोरगा रिमोट म्हणतो. हातात धरायचं, एक्स वाय झेड यातला अक्ष निवडायचा (झेड म्हणजे वर-खाली), चाक खटखट फिरवत टूल जॉबला, म्हणजे कापायच्या लाकडाला, टेकवायचं आणि झिरो घ्यायचा, म्हणजे इथून माप धर असं मशीनला सांगायचं. त्याची ती जुन्या फोनसारखी गुंडाळीची केबल पेंडंटच्या तोंडाशीच आतून तुटली, बाहेरून काय दिसत नाही, मल्टिमीटर बीपवर ठेवून केबल हलवली की बीप तुटक तुटक येतो तेव्हा कळतं.

नवीन मागवला. वीसेक वायरी, आणि मी रंगाला रंग जोडून मोकळा होणार होतो. नशीब मागचं झाकण उघडलं. जुन्यात लाल म्हणजे 5 व्होल्ट, नव्यात लाल कुठंतरी भलतीकडंच. रंगावर कधी जाऊ नका, चाकाच्या मागं टर्मिनलवर लिहिलेलं असतं ते वाचा आणि एकेक वायर बीप करून कागदावर लिहून घ्या. जुन्याला चार टर्मिनल होती, 5 व्होल्ट, झिरो व्होल्ट, आणि चाक फिरलं की सिग्नल देणारी ए आणि बी, नव्याला ए आणि बीच्या उलट सिग्नलची आणखी दोन. आमच्या कंट्रोलरला त्या दोन लागत नाहीत, मग त्या मोकळ्याच ठेवून टोकं टेपनं बंद करायची, झिरो व्होल्टला बांधायच्या नाहीत. मी बांधणारच होतो.

जोडल्यावर मीटर लावून बघितलं तर ए आणि बी हलेनातच. अर्धा दिवस गेला. मग लक्षात आलं की आमच्या चाकात प्रत्येक खटक्याला सिग्नल पूर्ण फेरी मारून परत होता तिथंच येतो, त्यामुळं खटक्यावर थांबलं तर मीटरला काही दिसतच नाही, चाक दोन खटक्यांच्या मध्ये धरून ठेवावं लागतं. हे कुठल्या कागदात लिहिलं नव्हतं. आणि एका खटक्यात चार मोजण्या होतात, ते सेटिंगमध्ये सांगितलं नाही तर पेंडंटवर x100 (शंभर पट) निवडल्यावर एका खटक्याला 0.1 ऐवजी 0.4 मिलीमीटर जातं, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला 10 च्या जागी 40. टूल जॉबपासून केसभर वर असताना 40 म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. दिशा उलटी आली तर मात्र सोपंय, ए आणि बी अदलाबदल करा, झालं.

पुढची गंमत म्हणजे स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारी मोटर, चालू केलं की चाकाला हात न लावता झेड थरथरायचा, मधूनच खाली सरकायचा. पेंडंटची केबल मी स्पिंडलच्या व्हीएफडीच्या (त्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलबरोबर एकाच पट्टीत बांधली होती आणि शिल्ड, म्हणजे केबलमधली वायरींभोवतीची जाळी, दोन्ही टोकांना अर्थ केलं होतं. केबल लांबून नेली, शिल्ड फक्त पॅनलच्या बाजूला ठेवलं, थांबलं.

पण ते थांबायच्या आधी एकदा झेड देवघराच्या तयार होत आलेल्या दारात घुसला. मी पेंडंटवरचं लाल इमर्जन्सी बटण मारलं. काही झालं नाही. परत मारलं. शेवटी पळत जाऊन पॅनलवरचं दाबलं तेव्हा मशीन थांबलं. दार गेलं, बोटं राहिली.

पॅनल उघडला तर पेंडंटच्या इमर्जन्सीसाठी असलेल्या टर्मिनलवर एक जंपर, म्हणजे बटण टाळून दोन टोकं थेट जोडणारा वायरचा तुकडा, काळा पडलेला, म्हणजे आजचा नाही. सेकंडहँड मशीन आलं तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, ते बटण नुसतं शोभेचं होतं आणि इतकी वर्षं आम्ही ते हातात धरून निर्धास्त. हे बटण नॉर्मली क्लोज असतं, न दाबता सर्किट जोडलेलं आणि दाबलं की तुटतं, आणि पॅनलच्या इमर्जन्सीबरोबर सिरीजमध्ये, एकापाठोपाठ एक, येतं, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं, हीच तर त्यातली अक्कल. पण त्यामुळंच पेंडंट रिपेअरला गेला की मशीन चालू होत नाही, आणि ऑर्डर अडकलेली असते, मग कुणीतरी जंपर टाकतं आणि विसरतं. काही ठिकाणी तर पेंडंटच्या बाजूचं दाबून धरायचं बटण, जे सोडलं की चाक चालत नाही, ते केबल टायनं कायमचं आवळलेलं बघितलंय, अंगठा दुखतो म्हणून.

मी जंपर काढून बटण सिरीजमध्ये घेतलं, जास्तीत जास्त अर्ध्या तासाचं काम. ज्यानं मशीन विकलं त्याला फोन केला तर म्हणाला, "अहो, सगळी अशीच देतो आम्ही, कुणाची तक्रार नाही आजवर."

तर ज्यांच्याकडं असली मशिनं आहेत त्यांनी उद्या सकाळी स्पिंडल बंद ठेवून, झेड वर घेऊन, पेंडंटवरचं लाल बटण एकदा दाबून बघा. नुसता स्क्रीनवर मेसेज येतो की ड्राइव्हची पॉवर खरंच जाते, तेही बघा. आणि संपादक साहेब, पुढच्या मार्चला शपथेच्या फोटोशेजारी एवढी एक चौकट टाकता आली तर टाका, फोटो जरा लहान केला तरी चालेल.

आपला,
एक जॉबवर्कवाला
उद्यमनगर, कोल्हापूर