बोटीआधी कडा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. जूनच्या अखेरीस तू सिडनीला येतो आहेस आणि चार दिवसांतला एक दिवस देवमासे पाहण्यासाठी राखून ठेवला आहेस, हे वाचून फार आनंद झाला. मात्र ‘बोटीची तिकिटे आधीच काढून ठेव’ ही तुझी आज्ञा मी अजून पाळलेली नाही. त्याचे कारण नीट सांगावे म्हणून हे लांबलचक पत्र.

दिवस तू उत्तम निवडले आहेस. अंटार्क्टिकच्या पाण्यात उन्हाळाभर क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊन माजलेले हंपबॅक देवमासे मे महिन्यापासून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने क्वीन्सलंडच्या उबदार पाण्याकडे निघतात आणि सिडनीसमोर त्यांची सर्वांत जास्त वर्दळ असते ती जून सरताना आणि जुलै लागताना. पिलांना घेऊन दक्षिणेला परतणाऱ्या माद्या पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसतात. त्या तुझ्या नशिबी या खेपेला नाहीत.

आता बोटीविषयी. गेल्या वर्षी मी मोठ्या हौसेने बोटीतून गेलो. बंदराचे मुख ओलांडताच दक्षिणेकडून आलेल्या लाटांनी बोट अशी काही हलू लागली की दुर्बीण डोळ्यांना लावणे अशक्य झाले, आणि देवमासा दिसला तेव्हा सगळी मंडळी एकाच कठड्याकडे धावल्यामुळे मला मुख्यत्वे लोकांच्या पाठीच पाहायला मिळाल्या. शिवाय नियमाप्रमाणे बोटीला देवमाशापासून १०० मीटर आणि सोबत पिलू असेल तर ३०० मीटर दूर राहावे लागते, आणि ते योग्यच आहे. गाडीच्या मागच्या सीटवर बसूनही तुझा चेहरा कसा पांढराफटक पडतो ते मी विसरलेलो नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की आधी कड्यावरून पाहू; तेवढ्याने तुझे समाधान झाले नाही, तर बोट आहेच.

सिडनीच्या दक्षिणेकडील कर्नेलजवळचे केप सोलँडर हे भूशिर मी त्यासाठी ठरवले आहे. बॉटनी बेच्या दक्षिणेला जमीन इथे समुद्रात पुढे घुसलेली असल्यामुळे उत्तरेकडे निघालेले देवमासे पुष्कळदा कड्याच्या बरेच जवळून जातात. (१७७० साली कॅप्टन कुकच्या जहाजावर आलेल्या डॅनिएल सोलँडर या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव त्या टोकाला आहे, तू वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून मुद्दाम कळवतो.) सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि पाणी नुसते चकाकत राहते, तेव्हा आपण दुपारी साडेबारापर्यंत तिथे पोहोचू. ऊन पाठीवर असेल आणि सूर्य पाचच्या आधीच मावळत असल्याने चारएक तास हाती राहतील. वारा पश्चिमेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा असला तर पाणी कड्याजवळ सपाट राहते. दक्षिणेचा वारा जोरात सुटला, की जागोजागी पांढरा फेस उसळतो आणि प्रत्येक लाट फवाऱ्यासारखी भासते; तसे झाले तर बेत दुसऱ्या दिवशी. आणखी एक दिवस मोकळा ठेव, तो यासाठीच.

तिथे उभे राहिल्यावर तोंड पूर्वेला आणि नजर उजवीकडे ठेवायची, कारण ते उजवीकडून डावीकडे जातात. दुर्बीण लगेच उचलू नकोस. साध्या डोळ्यांनी क्षितिजाच्या अलीकडचा पट्टा हळूहळू न्याहाळत राहिलास, तर निळ्यावर पांढऱ्या धुराची झुपकेदार शेंडी उठलेली आणि दोन-तीन सेकंदांत विरून गेलेली दिसेल. ते पाणी नव्हे, त्याचा उच्छ्वास असतो. तो जवळून जात असेल तर मागोमाग ‘हुश्श’ असा आवाजही ऐकू येतो. चार-पाच श्वास घेऊन तो पाठीची कमान करतो, शेपूट उभी करतो आणि खोल जातो. त्या जागी तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल पाण्यावर बराच वेळ तरंगत राहतो. मला उंच उडीपेक्षाही तो गोल अधिक आवडतो. मग पाच ते पंधरा मिनिटे काहीच घडत नाही. बहुतेक लोक नेमके तेव्हाच उठून जातात. आपण जायचे नाही. तो बुडाला तिथे न पाहता बराच डावीकडे पाहायचे.

ही वाट एके काळी जवळजवळ ओस पडली होती, हे तुला ठाऊक नसावे. याच पूर्व किनाऱ्यावरील टँगलूमा आणि बायरन बे येथील देवमाशांच्या शिकारीची केंद्रे १९६२ साली बंद पडली ती दयेपोटी नव्हे, तर मारायला देवमासेच उरले नव्हते म्हणून. पूर्व किनाऱ्यावर त्यांची संख्या तेव्हा काहीशेवर आली होती. आज ते हजारोंनी जातात, आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने हंपबॅकला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळले. त्या निर्णयाने मी सुखावलो, तरी आता त्यांच्याकडे दुर्लक्ष होईल की काय अशी धास्तीही वाटते.

गाडी मी आणतो. वारा न लागू देणारे जाकीट आणि कानटोपी तू आण. कड्यावर चार तास बसणे म्हणजे काय ते मागच्या खेपेला माझ्या कानांना कळले आहे. तिथला खडक ठिसूळ आहे, म्हणून फोटोच्या नादात कडेला जायचे नाही, एवढी अट आहे. विमान कोणत्या दिवशी किती वाजता पोहोचते ते उलट टपाली कळव, म्हणजे दोन दुपारी निश्चित करता येतील.

तुझा,
अरविंद