अंकल, टाळी दोनावर आणि चारावर

प्रिय अंकल,

देवनागरी वाचायचा तुम्हाला कंटाळा, ठाऊक आहे. तुमची कोकणी रोमी लिपीतली. पण नात गोव्यात शाळेत देवनागरी शिकली आहे, तिच्याकडून वाचून घ्या. आणि हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण आभार माझ्या एकट्याचे नाहीत, ठाकूरद्वारच्या आपल्या अख्ख्या वाडीचे आहेत.

१९९७ चा सार्वजनिक सत्यनारायण आठवतो? तीर्थप्रसाद उरकला, खुर्च्या मांडल्या, साडेआठ वाजले तरी ऑर्केस्ट्रावाल्यांचा पत्ता नाही. ॲडव्हान्स घेऊन मंडळी दुसरीकडे गेली होती. समितीत कोणी कोणाला सुपारी द्यायला सांगितली होती यावरून जुंपली. तुम्ही गॅलरीतून बघत होतात. तसेच गंजीवर खाली उतरलात आणि वाण्याच्या दुकानातून धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या क्लबात, फोन लावलात.

तोवर वाडीला तुम्ही कोण होतात? तिसऱ्या मजल्यावरचे ट्रम्पेट वाजवणारे, वाडीच्या भाषेत पिपाणीवाले. बस. तुमच्याकडे नाताळचा फराळ यायचा, आमच्याकडून दिवाळीचा जायचा, मध्ये वर्षभर जिन्यात ‘काय, कसं काय’.

तासाभरात पद्मिनी टॅक्सी आली. कॅरियरवर नायलॉनच्या दोरीनं बांधलेला डबल बास. वाडीतल्या पोरांना वाटलं कपाट आलं. दोघे म्हातारे उतरले, एक बासवाले, एक गिटारवाले. ड्रमर नव्हता. तुम्ही थेट भजनी मंडळाच्या तात्यांकडे वळलात. तात्यांनी पखवाज पुढ्यात ओढला आणि विचारलं, “मात्रा किती?” तुम्ही म्हणालात, “ब्लूज आहे. बारा बार, प्रत्येक बार चार मात्रांचा.” तात्यांनी बोटांवर हिशेब केला: अठ्ठेचाळीस. “म्हणजे आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची सहा आवर्तनं. चालू करा.”

जॅझवाल्यांच्या त्या बारा बारांच्या साच्याची, ब्लूजची, एवढी सोपी फोड मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचली नाही.

मग गंमत झाली. लोकांनी टाळ्या धरल्या, पण आपली टाळी समेवर, एकावर. तुम्ही ट्रम्पेट खाली घेऊन सगळं थांबवलंत. “बायांनो, एकावर नको. एक सोडा, दोनावर मारा. तीन सोडा, चारावर मारा.” मधल्या गॅलरीतल्या काकूंना पहिल्यांदा जमलं. त्यांच्याकडे बघून समोरच्या गॅलरीला जमलं. त्या दोन गॅलऱ्यांत नळाच्या पाण्यावरून तीन वर्षं अबोला होता, हे तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. अबोला त्या रात्रीच मिटला असं मी म्हणणार नाही, पण टाळी मात्र एका ठेक्यात पडत होती.

नंतर चार बार तुमचे, चार बार तात्यांचे. तात्या दोन आवर्तनं वाजवताना तुम्ही मान खाली घालून ऐकत उभे. पुढच्या फेरीत त्यांचाच बोल ट्रम्पेटमधून परत दिलात, तेव्हा तात्यांचे डोळे असे काही चमकले! आयुष्यभर बुवांच्या मागे बसून ठेका धरलेला माणूस. पखवाज बोलतोय आणि बाकीचे गप्प बसून ऐकताहेत, हे त्यांच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं.

शेवटी ‘शोला जो भडके’ घेतलंत आणि समितीचे अध्यक्ष भगवानदादांची स्टेप करू लागले. सामान आवरताना तुम्ही आम्हा पोरांना सांगितलंत की ‘अलबेला’चे सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, आणि त्यांचे सहायक चिक चॉकलेट, हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, स्वतः ट्रम्पेटवाले. दारूबंदीनं डान्स हॉल बसले तशी तुम्ही मंडळी स्टुडिओत गेलात, आणि पुढे सिंथेसायझर आल्यावर घरी. हे सांगताना तुमच्या आवाजात कुरकुर नव्हती. ती मला नंतर, चहा पिताना ऐकू आली.

कारण दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्याकडे यायला लागलो. चर्चच्या शाळेत तुम्ही जशी नोटेशन शिकलात तशीच मला शिकवलीत, आधी तोंडानं म्हणायला लावून. फी विचारली तर म्हणालात, “पुता, येताना पाव घेऊन ये.” रंगभवनाच्या खुल्या नाट्यगृहासमोरून जाताना तिथल्या १९७८ च्या जॅझ यात्रेची, म्हणजे जॅझ महोत्सवाची, गोष्ट दर वेळी नव्यानं सांगायचात: सॉनी रोलिन्सचा सॅक्सोफोन, आणि तुम्ही मागच्या रांगेत उभे. रंगभवन आता कधीचं बंद आहे. शेजारी रुग्णालयं आहेत, तिथं आवाज नको हे मान्य, तरी त्या गेटावरून जाताना मला राग येतो तो येतोच.

मी बँकेतच चिकटलो, वाजवणं शनिवार-रविवारचं राहिलं. वाडीची आता इमारत होतेय, माणसं विरार, डोंबिवली, बदलापूरला पांगली. पण सत्यनारायणाला सगळी येतात. तात्यांचा नातू पखवाज आणतो, एक जण कहॉन, बसून वाजवायचा लाकडी खोका, आणतो, आम्ही बारा बार लावतो. या वर्षी एका नव्या सूनबाईंनी एकावर टाळी मारली, तर मागून चार काकू एकदम ओरडल्या, “दोनावर गं!”

सकाळपाळीची माणसं उठू नयेत म्हणून रात्री ट्रम्पेटच्या तोंडात आवाज दाबणारा जो म्यूट लावायचात, तो माझ्याकडेच राहिलाय. कडेचं बूच झिजलं होतं, नवीन लावून घेतलंय. मेमध्ये येतो, तेव्हा घेऊन येतो.

तुमचा,
पाव आणणारा