चौथ्या धावपटूचा हिशेब

पाटोदा, जि. बीड
दि. 11 जानेवारी 2026

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

जिल्ह्याच्या क्रॉस कंट्री शर्यतीत आमच्या मुलांचा संघ दुसरा आला. तू मागच्या पत्रात विचारले होतेस, म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. पण त्यामागे जे घडले ते चार ओळींत मावणारे नाही, आणि फोनवर तू नेहमी घाईत असतोस, म्हणून हे सविस्तर पत्र.

तुझी मुलगी तिकडे ओहायोत शाळेच्या संघातून धावते, तेव्हा गुणांची पद्धत तुला ठाऊक असणारच. तिकडे सात जणी धावतात आणि पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज होते. आमच्या शर्यतीत यंदा आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सहा धावले आणि चौघांचे क्रमांक धरले गेले. बेरीज ज्याची कमी, तो संघ विजयी. आमचे तिघे दुसरा, पाचवा आणि नववा आले. विजयी संघाचा पहिला मुलगा सहावा होता, म्हणजे तो रेषेवर पोहोचला तेव्हा आमचे दोघे पाणी पीत उभे होते. पण त्यांचे पुढचे तिघे आठवा, दहावा आणि तेरावा असे लागोपाठ आले आणि त्यांची बेरीज 37 झाली. आमचा चौथा 24वा आला आणि आमची 40. टाळ्या आमच्या मुलांना मिळाल्या, करंडक त्यांना. पंचांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, कारण या खेळाचा नियमच असा आहे की संघाची किंमत त्याच्या चौथ्या धावपटूवरून ठरते.

आमचा खरा चौथा त्या दिवशी मैदानावर नव्हताच. नववीतला, अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून कमी. तालुक्याच्या शर्यतीत तो आमच्या तिसऱ्याच्या जेमतेम दहा पावले मागे होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत त्यांच्या रानातले सोयाबीन पाण्याखाली गेले, आई-वडिलांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून नेहमीपेक्षा मोठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, आणि 1 नोव्हेंबरला गाळप सुरू होण्याच्या सुमारास अख्खे कुटुंब सांगलीकडच्या एका साखर कारखान्यावर निघून गेले. उचल कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते, मुलाच्या नावावर नव्हे. पण ती फेडायची म्हणजे मोळ्या बांधायला, उसाचे वाढे गोळा करायला आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्या बहिणीला सांभाळायला तिसरे माणूस लागतेच. गावातल्या हंगामी वसतिगृहात आठवीपर्यंतचीच मुले घेतली, आणि घरी ठेवून घ्यायला आजी उरलेली नाही. मी त्याच्या वडिलांना भेटलो. त्यांनी मला चहा पाजला, माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, पळून काय मिळतंय ते मला बी कळतंय, पण औंदा नाही जमायचं.” यावर मी काय बोलणार होतो?

त्याच्या जागी कबड्डीच्या संघातला एक दणकट गडी उतरवला. तीन किलोमीटरवर त्याच्या पोटात कळ आली, तरी एका हाताने कूस दाबून धरत तो सहा किलोमीटर पुरे पळाला. 24वा क्रमांक त्याचा. त्याला नावे ठेवणाऱ्यांना मी तिथेच गप्प केले.

आता दुसऱ्या आलेल्या मुलाविषयी, कारण तोच यंदाच्या हंगामाचा खरा मानकरी आहे. अकरावीत आहे, आणि इकडच्या शंभरातल्या नव्वद पोरांप्रमाणे तोही भरतीसाठी पळायला लागला. तुला माहीत आहे, पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर पळावे लागते, लष्कराच्या भरतीतही साधारण तेवढेच. त्यामुळे गावोगावच्या रस्त्यावर पहाटे जी पोरे दिसतात त्यांच्या अंगात ते एकच अंतर भिनलेले असते: शिट्टी झाली की सुसाट सुटायचे आणि साडेपाच मिनिटांत सगळा दम संपवून टाकायचा. सहा किलोमीटरच्या शर्यतीत ही सवय घात करते. पहिल्या मैलाला पुढे असलेली दहा-बारा पोरे चौथ्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून चालताना दिसतात, हे दरवर्षी ठरलेलेच. या मुलाची ती सवय मोडायला मला पावसाळाभर घासाघीस करावी लागली. पहिला किलोमीटर बोलत पळायचा, बोलता आले नाही तर वेग कमी करायचा, असा नियम घातला; तो चिडायचा, मागची पोरे पुढे गेली की मान वळवून माझ्याकडे बघायचा. जिल्ह्याच्या शर्यतीत पहिल्या वळणावर तो विसाव्याच्या आसपास होता. मग बालाघाटाच्या उतारावरचा मुरमाड चढ लागला. तिथे पाऊल मागे घसरते, म्हणून बहुतेक जण लांब टांगा टाकून आणखी दमतात. हा मात्र पावले आखूड करून, नजर चार हातांवर ठेवून, एकेकाला मागे टाकत वर गेला. माथ्यावर पोहोचला तेव्हा त्याच्या पुढे फक्त तिघे होते.

पाचवा आणि नववा आलेले दोघे सख्खे चुलत भाऊ आहेत, सरावात एकमेकांना सोडत नाहीत आणि त्यापलीकडे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे अजून काही घडलेले नाही. घडेल.

मुलींचे सांगायचे तर संघ म्हणून आमची नोंदच झाली नाही, कारण धावायला तीनच मुली होत्या आणि चौघींशिवाय बेरीज होत नाही. त्यांतली नववीतली एक मात्र विभागापर्यंत जाऊन आली. पोरी तिला ‘लालपरी’ म्हणतात, कारण एसटीसारखी ती चढ असो वा सपाटी, आपल्याच चालीने येते. चार किलोमीटरमधला तिचा प्रत्येक किलोमीटर घड्याळात जवळजवळ सारखा निघतो, आणि ही देणगी शिकवून येत नाही. ऑगस्टमध्ये तीच मुलगी अर्ध्यावर धापा टाकू लागली. घरचे म्हणाले, उन्हामुळे. मला तिचे फिकट ओठ पाहून शंका आली, म्हणून तिच्या आईला बरोबर घेऊन ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास निघाले. या वयाच्या मुलीचे निदान 12 असायला हवे. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती हे पोर घरी नेऊन चहाबरोबर घेत होते, आणि चहाने ते लोह अंगी लागत नाही. डॉक्टरांनी औषध वाढवून दिले, गोळी आणि चहा यांत अंतर ठेवायला सांगितले, वर लिंबू पिळायला सांगितले. दसऱ्यापर्यंत तिची चाल परत आली. मुलींच्या प्रशिक्षणाविषयी मोठमोठी व्याख्याने ऐकली आहेत मी, पण आपल्या भागात निम्मे प्रशिक्षण रक्ताच्या तपासणीत आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

शर्यतीच्या व्यवस्थेविषयी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. सकाळी आठची वेळ दिलेली, आणि मान्यवरांचे सत्कार उरकून शर्यत सुटली अकराच्या पुढे. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अशीच भर उन्हात क्रॉस कंट्री घेतली होती. 38 जण सुटले आणि 15 जणच शेवटपर्यंत पोहोचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, पण उन्हाने पडलेली माणसे पाहून तो प्रकारच पुढे ऑलिंपिकमधून काढून टाकला. नोव्हेंबरातले आमचे ऊन काही तेवढे नाही, तरी मुलांनी तीन तास गार पडलेल्या अंगाने थांबायचे आणि मग एकदम पळायचे, याला काय म्हणावे?

आपल्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेमुळे इकडच्या प्रत्येक पोराला आता स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची शर्यत, करायची आहे. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्य मिळवले, सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकले, आणि 1998 पासून त्या शर्यतीतली तिन्ही पदके घेऊन जाणाऱ्या केनियाची रांग त्याने मोडली, हे पोरांना तोंडपाठ आहे. त्यांच्या लक्षात नसते ते वेगळेच: बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि 2015 मध्ये लष्कराच्या क्रॉस कंट्रीत उतरला तेव्हा कुठे त्याच्या पळण्याला सुरुवात झाली. अडथळे नंतर आले. म्हणून मी मुलांना अडथळ्याला हात लावू देत नाही. आधी नांगरलेल्या रानाच्या कडेने, ढेकळांतून आणि सराट्यांतून पळा म्हणतो. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर बुटाला शेर-दीड शेर चिखल लागतो, त्यामुळे अनेक जण बूट हातात घेऊनच सरावाला येतात.

पुढच्या हंगामाचे मी आत्ताच मनावर घेतले आहे. कारखान्यावर गेलेल्या मुलाची मावशी आमच्याच गावात राहते; ती त्याला कार्तिक ते फाल्गुन ठेवून घ्यायला तयार आहे, धान्य आम्ही तिघे शिक्षक मिळून देऊ. धाकटीला अंगणवाडीच्या वेळेनंतर कोणी सांभाळायचे, तेवढा एकच प्रश्न राहिला आहे, आणि तो सुटला नाही तर बाकीच्या सगळ्या व्यवस्थेला अर्थ नाही. पाडव्याला ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की त्याच्या वडिलांशी पुन्हा बोलणार आहे. नवी उचल घेण्याच्या आत बोललेले बरे.

तुझ्याकडून एक हवे आहे. तुझ्या मुलीच्या संघात तिसऱ्या ते सातव्या क्रमांकाच्या मुलींना एकत्र घोळक्याने कसे पळवतात, आठवड्यात किती दिवस आणि किती अंतर, हे तिच्या प्रशिक्षकांना विचारून सविस्तर लिही. पहिल्या क्रमांकाच्या मुलीचे वेळापत्रक नको, ते मला फारसे उपयोगी पडणार नाही. वहिनींना नमस्कार, चिरंजीव मुलीस आशीर्वाद, आणि सर्वांना संक्रांतीचा तिळगूळ.

कळावे, लोभ असावा.

तुझाच,
मित्र