पणजीचं माहेर शोधून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

वंशावळ पूर्ण झाली. म्हणजे जेवढी होण्यासारखी होती तेवढी झाली. तुमची प्रत पोस्टाने पाठवलीच आहे. तरी हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण पैसे घ्यायला तुम्ही साफ नाही म्हणालात आणि वर बजावलंत, "आभारच मानायचे तर कसं शोधलं ते चार जणांना सांगा." नावं मात्र इथे लिहीत नाही. दोन्हीकडचे वारस हयात आहेत, आणि जमिनीचा विषय निघाला की माणसं दचकतात.

आमच्या भावकीत पणजोबांच्या वरच्या पिढ्या कुणीही तोंडपाठ म्हणून दाखवतो. पणजी त्यात फक्त कुणाची तरी बायको म्हणून येते, तेही सासरी ठेवलेल्या नावाने. तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याजवळ काय होतं? माहेर कोयनाकाठचं. गाव धरणात गेलेलं. जन्म प्लेगातला, लोक गाव सोडून रानात खोपी घालून राहिले होते तेव्हाचा. एवढीच शिदोरी. त्यात मी 'पणजी, पणजी' करत बसले होते, आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो तिच्या भावांचा. भाऊ किती होते? त्यांच्या नावावर जमीन होती का? कुणी निपुत्रिक गेला का?

तो शेवटचा प्रश्न तेव्हा मला विचित्रच वाटला होता. आईला मात्र लगेच आठवलं, आजोबांचा एक मामा होता, त्याला मूलबाळ नव्हतं.

मग कोतवाल बुकं. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधामुळे जन्म-मृत्यूची ही जुनी रजिस्टरं म्हणजेच गाव नमुना 14 एकदम सगळ्यांना ठाऊक झाली. कित्येक ठिकाणी पानं स्कॅन होऊन जिल्ह्याच्या संकेतस्थळावरही आली. ही रजिस्टरं मोडी लिपीत, त्यामुळे मोडी वाचणाऱ्यांना तेव्हापासून उसंत नाही. तुमच्याही दारात दाखल्यासाठी आलेल्यांची रांग होती. मला दाखला नको होता, म्हणून मी रांगेतून निघूनच जाणार होते. तुम्ही बसवून घेतलंत.

तुमची वाचायची रीत मी अजून लोकांना रंगवून सांगते. मोडीत शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, वर आडवी रेघ ओढलेली आणि तिच्याखाली अक्षरं एकात एक गुंतलेली. तुम्ही नाव शोधायला गेलाच नाहीत. आधी प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा येणारं वाचलंत: महिन्याचं नाव, गावाचं नाव, जात, 'मुलगा', 'मुलगी'. त्यातून त्या लिहिणाऱ्याच्या हाताचा 'ल' कसा, 'ग' कसा, 'ठ' कसा, ते पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलंत. त्या कागदाच्या आधाराने मग बापाचं नाव, 'बिन' (म्हणजे अमक्याचा मुलगा), आणि आजोबाचं नाव. मुलीच्या नावाची जागा कोरी. नोंद बारशाच्या आधी व्हायची, तर नाव येणार कुठून? माझा चेहरा उतरलेला पाहून तुम्ही म्हणालात, बाप सापडला ना, आता उलट्या बाजूने येऊ.

उलटी बाजू म्हणजे फेरफार, जमिनीचा मालक बदलला की तलाठ्याकडे होणारी नोंद. निपुत्रिक भावाचा प्रश्न का विचारलात ते तेव्हा डोक्यात शिरलं. बाप 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधी वारला, त्यामुळे जमीन मुलांच्या नावे लागली आणि लेकींचा उल्लेखही नाही. हा भाऊ त्या कायद्यानंतर गेला, बायको आधीच वारलेली. मग वारस कोण, तर भाऊ आणि बहिणी. शिवाय जमीन धरणात जायची होती, मोबदला कुणाला द्यायचा म्हणून वारसांची नोंद करणं भागच होतं. तलाठ्याने घाईघाईत बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत लिहिलंय: बहीण, पुढे तिचं सासरचं नाव, 'कोम' (म्हणजे अमक्याची बायको), पणजोबांचं नाव, राहणार आमचं गाव. त्याखाली तिचा अंगठा. तिच्या हक्काचं पुढे काय झालं हे सांगायलाच नको. धरण 1964 मध्ये पुरं झालं, गाव शिवसागर जलाशयात गेलं. पण त्या धरणाच्या कागदांमुळेच पणजी तिच्या बापाच्या खात्यात एकदा तरी नोंदली गेली. कोयनेला आमच्या घरात आजवर शिव्याच मिळाल्यात. ही एक गोष्ट तिच्या बाजूने लिहून ठेवते.

पुढचं सोपं होतं. दुसऱ्या भावाचा वंश पुनर्वसनात रायगडकडे गेला होता. फोनवर तिकडच्या आजी अर्धा मिनिट गप्प, मग म्हणाल्या, "घाटावर दिलेली आत्या? तिची तुम्ही?" पणजीचं माहेरचं नाव त्यांनीच सांगितलं. आता वंशावळीत तिची दोन्ही नावं आहेत, बाप, आजा, भाऊ, आणि भावकीतल्या एका काकांचा विरोध पत्करून सगळ्या लेकी त्यांच्या मुलाबाळांसकट.

ज्यांना आपल्या आजीपणजीचं माहेर शोधायचंय त्यांना ताईंच्या वतीने एवढंच: तिच्या नावामागे धावू नका, तिच्या भावांची जमीन शोधा. वारसाचे फेरफार मागा, विशेषतः 1956 नंतरचे. आणि मोडी वाचणाऱ्याकडे जाताना गाव, तालुका आणि जन्माचा अदमास घेऊन जा. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर तो तरी काय करणार?

ताई, एक काम उरलंय. त्याच कोतवाल बुकात त्याच बापाला आणखी एक मुलगी झाल्याची नोंद आहे. फेरफारात ती नाही, रायगडच्या आजींनाही ठाऊक नाही. मृत्यूची पानं मी काढून ठेवलीत. कारणाच्या रकान्यातलं 'ताप' आणि 'पटकी' (कॉलरा) आता माझं मला वाचता येतं, पण नावांशी अडते. दिवाळीनंतर पानं घेऊन येते. तुमच्या सोयीचा दिवस कळवा.

तुमची,
कोयनाकाठच्या लेकीची पणती