निरंक

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस

सविनय नमस्कार.

आपण राज्याच्या आरोग्य खात्याचे मंत्री आहात आणि मी त्याच खात्याच्या अगदी खालच्या पायरीवर काम करणारी एक आशा आहे. अकरा वर्षं झाली. माझ्याकडे दोनशे वीस घरं आहेत. कुणाचे दिवस भरत आले, कुणाची बीपीची गोळी संपली, कुणाच्या लेकराचा डोस राहिला, हे मी वही न उघडता सांगू शकते. आपल्याला पत्र लिहिण्याइतकी मी मोठी नाही, हे मला कळतं. पण गेल्या मंगळवारपासून झोप लागत नाही, म्हणून लिहिते आहे.

मंगळवारी माझ्या मुलाला घेऊन मी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. पंधरा वर्षांचा आहे, दहावीला. पहाटे साडेपाचची एसटी धरली, केसपेपर काढला आणि मनोविकाराच्या ओपीडीबाहेर बसलो. हा दुसरा हेलपाटा. पहिल्या वेळी डॉक्टर शिबिराला गेले होते. या वेळी होते. खोलीला दार आहे, पण ते सताड उघडं आणि उंबऱ्यात पुढचे तीन पेशंट उभे. डॉक्टरांनी लिहिता लिहिताच विचारलं, "काय होतंय?" पोरगा गप्प. "मोबाइल किती वेळ बघतो?" गप्प. "काही प्रेमबिम?" मागं उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. माझ्या पोरानं तेव्हा जी मान खाली घातली, ती दवाखान्याच्या फाटकाबाहेर येईपर्यंत वर केली नाही. मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "आईनं जरा लक्ष द्यायला पाहिजे." पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. समुपदेशक कुठं बसतात विचारलं, तर शेजारच्या कुलूप लावलेल्या खोलीकडे बोट केलं. पद रिक्त आहे म्हणाले.

चार मिनिटं. पुरती चारसुद्धा नसतील.

परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. दोन तासांत एकच वाक्य बोलला. "आई, मला परत तिथं नेऊ नको."

मी त्या डॉक्टरांवर चिडले आहे आणि ते लपवत नाही. पण मी खात्यातली बाई आहे, रांगही मोजली. आमच्यामागे साठ-सत्तर माणसं होती आणि डॉक्टर एकटे. मग मला तुमच्यावर जास्त राग आला.

गेल्या वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, आमच्या तालुक्याला कार्यक्रम झाला. आम्हा सगळ्या आशांना साड्या नेसून बोलावलं होतं. तुमच्या खात्यातून आलेल्या साहेबांनी माइकवर सांगितलं की पुढच्या महिन्यापासून ग्रामीण रुग्णालयात पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी समुपदेशक बसेल. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. गावात येऊन बायांना सांगितलं, आता सोय झाली. एक बाई आपल्या सुनेला घेऊन दोन शनिवार गेली, दोन्ही वेळा शिपायानं परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, तू तरी खोटं बोलू नको." तुमच्या साहेबांचं वचन माझ्या तोंडून गावात गेलं होतं, त्यामुळे खोटी मी ठरले. ते साहेब पुन्हा दिसले नाहीत, मला मात्र त्या बाईच्या दारावरून रोज जावं लागतं.

त्या कार्यक्रमात वाटलेलं पोस्टर अजून शाळेच्या व्हरांड्यात आहे. 'पालकांनो, मुलांशी संवाद साधा. मुलांचे मित्र बना. मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा.' माझा मुलगा त्याच व्हरांड्यातून रोज वर्गात जायचा. आषाढात कधीतरी जायचा थांबला, म्हणजे घरातून निघायचा आणि स्टँडवर बसायचा. शाळेतून निरोप आला तो सहामाहीच्या आधी. तोपर्यंत मला पत्ता नाही. त्या रात्री त्याचं दप्तर उघडलं. सात वह्या होत्या. सातही वह्यांच्या कव्हरवर त्यानं आपलं नाव व्हाइटनरनं पुसलं होतं. इयत्ता ठेवली होती, तुकडी ठेवली होती, विषय ठेवला होता. फक्त नाव पांढरं. एका वहीवर व्हाइटनर वाळून त्याला तडे गेले होते आणि खालून त्याच्या नावाचं पहिलं अक्षर दिसत होतं. नखानं मी बाकीचं खरवडत बसले होते, तेव्हा तो दारात उभा राहून बघत होता.

सांगा, यावर संवाद कसा साधायचा? मी साधला. जेवताना विचारलं, झोपताना विचारलं, देवाची शपथ घातली, रडले. ह्यांनी एकदा हात उचलला आणि मग स्वतःच ओट्यावर जाऊन बसले, रात्रभर आत आले नाहीत. सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारीण म्हणाली, आई दिवसभर गावभर फिरते, पोराकडे कोण बघणार? मी गावभर तुमच्याच कामाला फिरते, साहेब. सर्व्हे, लसीकरण, गरोदर माता, क्षयरोगाची शोधमोहीम, आणि रात्री ॲपवर तीच माहिती पुन्हा भरायची.

आता एक कबुली देते, ती मला फार जड जाते आहे. आम्ही तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म भरतो. बीपी, शुगर, तंबाखू. त्यात शेवटी दोन प्रश्न मनाचे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटत नाही असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज तीनच्या वर गेली तर माणसाला पुढं पाठवायचं. हे प्रश्न मी शेकडो वेळा वाचले असतील. बाया पदर तोंडाला लावून हसतात, बाप्ये म्हणतात, "लिही काहीतरी." आणि खरंच कुणी हो म्हटलं तर पाठवू कुठं? त्या कुलूप लावलेल्या खोलीत? म्हणून आम्ही शून्य लिहितो. महिन्याच्या अहवालात मानसिक आजाराच्या संशयितांचा रकाना असतो. अकरा वर्षांत मी त्यात 'एकही नाही' असं सांगणारा एकच शब्द लिहिला. निरंक.

माझ्या घरात पोरगा स्वतःचं नाव पुसत होता, त्या महिन्यातही मी निरंकच लिहिलं. तो पंधराचा आहे, फॉर्म तिसाच्या पुढचा आहे. पंधरा वर्षांच्या पोराला हे दोन प्रश्न विचारायचं काम कुणाचंच नाही. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी, आणि त्याच्या सहा विषयांत मानसिक आरोग्य आहे असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. आमच्या गावात त्यातलं पोचलं काय, तर लोहाच्या निळ्या गोळ्या. त्या मी स्वतः वाटल्या. त्यानं खाल्ली का, हे मी विचारलं होतं. तू कसा आहेस, हे विचारायला रकाना नव्हता.

माझ्या वहीत निरंक, आम्हा आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक ताईंच्या वहीत निरंक, उपकेंद्रात निरंक, तालुक्यात निरंक, असं वर वर जात ते तुमच्या टेबलावर येत असेल. महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या घरात आशा आहेत. माझ्यासारख्या किती जणी ते लिहीत असतील? केंद्रानं २०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकारांच्या केंद्रीय संस्थेकडून मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय सर्व्हे करून घेतला, तो १२ राज्यांत झाला आणि त्या १२ मध्ये आपलं राज्य नव्हतं. आपल्याला आजारी माणसं मोजलेली चालत नाहीत का? मेलेली मात्र मोजली जातात. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. दिवसाला जवळजवळ पाच मुलं. हा आकडा सरकारच्याच अहवालातला आहे.

कायद्याचं मी आता वाचलं. माझ्या भाच्यानं मोबाइलवर काढून दिलं, दोन रात्री बसून समजून घेतलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. कलम १८ म्हणतं, सरकारी मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. लहान मुलांसाठी सेवा आणि रुग्णाच्या कुटुंबाला आधार, हे सगळं सरकारनं पुरवायचं. जिल्ह्यात ते नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यायचे आणि खर्च सरकारनं सोसायचा. मंगळवारी त्या कुलपासमोर मला हे कुणी सांगितलं नाही. मी खात्यातली असून मला माहीत नव्हतं, मग ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही तिला कोण सांगणार? कलम ३१ म्हणतं, लोकसंख्येच्या मानानं पुरेशी तज्ज्ञ माणसं उभी करायला सरकारनं दहा वर्षांत प्रयत्न करायचे. कायदा लागू झाला २९ मे २०१८ ला. म्हणजे मे २०२८ ला तुमची मुदत संपते. आमचा एक अहवाल दोन दिवस उशिरा गेला तर मोबदला अडकतो. तुमची दहा वर्षं भरली तर काय अडकतं?

शाळांचंही तेच. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शंभर किंवा जास्त मुलं असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, त्याहून लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून द्या, आणि शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या. माझ्या मुलाच्या शाळेत चारशेच्या वर मुलं आहेत. मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते पोस्टरकडे बघत म्हणाले, "पीटीचे सर बघतात ते." राज्यात लाखाच्या वर शाळा आहेत, त्यातल्या किती शाळांत असा माणूस आला, याची यादी जाहीर करा.

एक गोष्ट चालली, तीही सांगते, नाहीतर अन्याय होईल. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. आम्हीच हा नंबर भिंतींवर लिहिला आणि आमच्यापैकी कुणी तो कधी लावून बघितला नव्हता. मंगळवारी रात्री साडेअकराला अंगणात जाऊन मी लावला. पलीकडची मुलगी मराठी बोलत होती. तिनं मला बोलू दिलं. "आईनं लक्ष द्यायला पाहिजे" असं एकदाही म्हणाली नाही. मग तिनं विचारलं, "ताई, घरात फवारणीचं औषध आहे का?" माझे हातपाय गार पडले. कपाशीच्या फवारणीतल्या उरलेल्या दोन बाटल्या पलंगाखाली होत्या, तो झोपतो त्याच पलंगाखाली. ती म्हणाली, आत्ता काढा, मी फोनवर थांबते. ह्यांनी बॅटरी धरली आणि आम्ही दोघांनी त्या शेतातल्या खोलीत नेऊन कुलूप घातलं. किल्ली तेव्हापासून माझ्या कमरेला आहे.

तिनं अजून दोन-तीन गोष्टी सांगितल्या. 'का' विचारू नका, शेजारी बसा. त्याच्याबरोबर एखादं काम करा, बोलणं नाही झालं तरी चालेल. परीक्षेचा विषय तुम्ही काढू नका. दुसऱ्या दिवशी मी शेंगा फोडायला बसले, तो येऊन बसला. तासभर काही बोललो नाही. उठताना म्हणाला, "उद्या पण फोडायच्यात का?" गेल्या चार महिन्यांत त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. एवढं जर फोनवरची मुलगी अर्ध्या तासात शिकवू शकते, तर आम्हा आशांना का नाही शिकवलं? पलंगाखालच्या बाटलीबद्दल तुमच्या पोस्टरवर एक ओळ का नाही? मी आता घरोघर तेच विचारते आहे. शेतकऱ्याच्या घरात ते औषध कुठं असतं ठाऊक आहे का तुम्हाला? फडताळात, खाटेखाली, पोरांच्या दप्तराशेजारी.

पण फोनला वही दिसत नाही. पोराच्या समोर बसून, त्याला मान वर करावीशी वाटेपर्यंत थांबेल, असं माणूस हवं. १९८२ ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला तेव्हा माझा जन्म नव्हता. १९९६ ला जिल्हा कार्यक्रम आला तेव्हा मी दुसरी-तिसरीत होते. आज माझा मुलगा दहावीला आहे आणि त्या खोलीला कुलूप आहे. लस टोचली की मोजता येते, बाळंतपण मोजता येतं, गोळ्यांची पाकिटं मोजता येतात, म्हणून त्यांना माणसं मिळतात. बाकी सगळं आईच्या गळ्यात. पोरगं जेवेना, आई. पोरगं बोलेना, आई. सुनेला बाळंतपणानंतर रडू आवरेना, तर तिच्या आईनं वळण लावलं नाही.

मागायचं ते थोडं आहे. तुमच्या खात्याची रिक्त पदं भरा आणि भरेपर्यंत प्रत्येक दवाखान्याच्या दारावर लिहा की खासगीत गेलात तर खर्च सरकार देईल, कारण कायदा तसं म्हणतो. दहा ते एकोणीसच्या मुलांना ते दोन प्रश्न विचारायचं काम आम्हाला द्या, पण आधी कसे विचारायचे ते शिकवा आणि हो म्हणणाऱ्याला कुठं न्यायचं तो पत्ता द्या. पत्त्यावर माणूस असू द्या.

या महिन्याचा अहवाल काल दिला. त्या रकान्यात मी १ लिहिला. गटप्रवर्तक ताई म्हणाल्या, "अगं, याच्यावर विचारणा होईल." होऊ दे.

गोळ्या पंधरा दिवसांच्या आहेत, म्हणजे पुढच्या मंगळवारी आम्हाला परत यायचं आहे. त्याला कसं तयार करायचं ते मी बघते. त्या दिवशी तो आत असताना ते दार लावलेलं असेल, एवढं तुम्ही बघा.

आपली,
एक आशा